आईला एएल अमायलॉइडोसिस निघालाय: केमो, डारा की ट्रान्सप्लांट? अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि गच्चीवरच्या बागेच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात आज पहिल्यांदाच लिहितेय. सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

आई ६३ वर्षांची, कराडला असते. गेल्या दिवाळीपासून पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. लघवीला फेस येतो हेही तिने सांगितलं होतं, पण मला नाही, मावशीला. आधी बीपीच्या गोळीने सूज येते म्हणून गोळी बदलली. मग थायरॉइड झालं. मग 'या वयात चालायचंच'. सात महिन्यांनी तिला पुण्यात आणलं आणि २४ तासांची लघवी तपासली तर ६.२ ग्रॅम प्रोटीन! किडनीची बायोप्सी झाली आणि रिपोर्टात 'अमायलॉइडोसिस' (बिघडलेलं प्रोटीन अवयवांत साचणं) हा शब्द आला. मी तो तीनदा वाचला तेव्हा कुठे उच्चार जमला.

बाकी आकडे: रक्तातली फ्री लाइट चेन (प्लाझ्मा पेशी बनवतात ती प्रोटीनची साखळी, लॅम्डा आणि कॅपा अशा दोन जातींची), लॅम्डा २४० आणि कॅपा १९ मिलिग्रॅम प्रति लिटर. बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) ९ टक्के. क्रिएटिनिन १.१. हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी १४८०, हृदयाची इजा दाखवणारं ट्रोपोनिन ठीक. इकोत हृदयाची भिंत १३ मिमी.

एक डॉक्टर म्हणतात, डारा (डाराट्युमुमॅब) धरून चार औषधं लगेच सुरू करा. दुसरे म्हणतात, डारा फार महाग आहे, आधी तीन औषधांवर बघू. मामा म्हणतो, मूळ पेशींचा ट्रान्सप्लांट करून एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावा. बाबा काहीच बोलत नाहीत, फाइल घेऊन गॅलरीत बसतात. कुणी यातून गेलं आहे का? काय निवडलंत, आणि का?

सांगलीकर

या आजाराचं नाव मी मुशर्रफ गेले तेव्हा पेपरात वाचलं होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यापलीकडे काही ठाऊक नाही. पण कराड-पुणे गाडीची, मुक्कामाची, डब्याची काही अडचण असेल तर निःसंकोच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईंना लवकर आराम पडो.

टिटवी

रानजाई, तुमची पोस्ट वाचताना हात थरथरले. माझ्या नवऱ्याला २०२१ मध्ये हेच निघालं, लॅम्डाच, पण मुख्य त्रास हृदयाला. आज ते ५८ वर्षांचे आहेत आणि मी हे लिहितेय तेव्हा शेजारी बसून मटार सोलताहेत. आधी हे सांगते, मग बाकीचं.

आमची सुरुवात मनगटापासून झाली. दोन्ही हातांना मुंग्या यायच्या म्हणून कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं. नंतर जीभ जाड झाली, कडेला दातांचे ठसे दिसायचे, घास घोळवायला वेळ लागायचा. एके दिवशी जोराची शिंक आली आणि आरशात बघतात तर दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं. कुणी ठोसे मारावेत तसं. ते बघून एका तरुण डॉक्टरणीने अमायलॉइडचं नाव पहिल्यांदा काढलं. तिचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

आम्ही पैशांमुळे आधी तीनच औषधं घेतली, सायबॉर्डी म्हणतात ते: बोर्टेझोमिबचं इंजेक्शन पोटावर आठवड्यातून एकदा, सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या आणि डेक्सा हे स्टिरॉइड. तीन महिन्यांत लाइट चेन निम्म्यावर आली आणि तिथेच अडकली. मग दागिने मोडून डारा जोडलं. दोन महिन्यांत आकडा जवळपास नॉर्मल. म्हणजे पैसे वाचवायला गेलो आणि तीन महिने घालवले. तुमच्यापुढे तोच प्रश्न आहे म्हणून स्पष्ट लिहिते: कसंही करून जमणार असेल तर डारा पहिल्यापासून घ्या.

आणि आजच एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना फोन करायचा. आमच्याकडे अशा चार वह्या भरल्यात.

शाईचा डाग

मी पॅथॉलॉजीत आहे, अशा बायोप्सीच्या काचा बघणं हे माझं रोजचं काम. उपचारांआधीचा एक प्रश्न विचारतो: अमायलॉइड कोणत्या जातीचा, हे रिपोर्टात लिहिलं आहे का?

ऊतकाच्या तुकड्यावर काँगो रेड नावाचा रंग चढवतात. साध्या प्रकाशात तो विटकरी-गुलाबी दिसतो. मग पोलराइझर फिरवला की त्याच जागी हिरव्या सफरचंदासारखी चमक उमटते. इतकी वर्षं बघतोय, तरी अंधाऱ्या खोलीत ती चमक दिसली की मी क्षणभर थांबतोच, कारण काचेच्या पलीकडे कुणाच्या तरी घरात आता उलथापालथ होणार असते. पण ती चमक फक्त 'अमायलॉइड आहे' एवढंच सांगते. कशाचा बनलाय ते सांगत नाही.

आणि जातीवर सगळं ठरतं. एएल म्हणजे बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या लाइट चेनचा. एटीटीआर म्हणजे यकृतात तयार होणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या प्रोटीनचा; तो घराण्यातून येतो किंवा उतारवयात, विशेषतः पुरुषांच्या हृदयात साचतो. त्याला टाफामिडिससारखी वेगळी औषधं आहेत, केमो नाही. आपल्याकडे जुना क्षयरोग, संधिवात यांच्या दाहामुळे होणारा एए प्रकारही आहे, त्यात मूळ दाह विझवावा लागतो. चुकीच्या जातीला केमो दिली तर माणसाला नुसता त्रास होतो, गुण काहीच नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या रक्तात थोडं असामान्य प्रोटीन योगायोगानेही सापडतं, त्यामुळे रक्तावरून अंदाज बांधून चालत नाही. किडनीच्या तुकड्यावर इम्युनोफ्लुरोसन्स केलेलं असेल तर लॅम्डा उजळलेलं लिहिलेलं असेल. नसेल किंवा शंका असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने जात पक्की करता येते. ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) तुमच्या मालकीचा आहे, मागून घ्या.

रानजाई

@शाईचा डाग, आत्ता फाइल काढून बघितलं. 'लॅम्डा ३+, कॅपा निगेटिव्ह' असं आहे. मी ती ओळ वाचून सोडून दिली होती. म्हणजे एएल पक्का ना?

@टिटवी, मटार सोलताहेत हे वाचून रडले. काटा मागवला.

शाईचा डाग

हो. बायोप्सीत लॅम्डा, रक्तात लॅम्डा, मॅरोत प्लाझ्मा पेशी वाढलेल्या. तिन्ही एकमेकांशी जुळतंय.

रानमेवा

रागावू नका, पण किडनी आणि हृदय आधीच नाजूक असताना एवढी जालीम औषधं ६३व्या वर्षी सोसतील का? आमच्या ओळखीत एकांनी ग्रीन टी आणि गुळवेलीच्या काढ्यावर बरंच सावरलं. ग्रीन टीमधलं द्रव्य अमायलॉइड विरघळवतं असं वाचलं आहे. निदान महिनाभर करून बघा, मग केमो आहेच.

उंबरठा

रानजाई, मी रक्तविकार विभागात डॉक्टर आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे 'हे घ्या' असं सांगणार नाही. निर्णय कशावर ठरतो ते मात्र सांगते.

पण आधी रानमेवांना उत्तर देते, कारण ते तातडीचं आहे. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य बोर्टेझोमिबला चिकटून त्याचं काम बंद पाडतं, हे प्रयोगशाळेत २००९ मध्येच दिसलं आहे. म्हणून बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टी, त्याच्या गोळ्या आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस बंद. आमटीत लिंबू पिळलं तर चालतं. गुळवेलीबद्दल: करोनाच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आणि 'निदान महिनाभर' हे या आजारात सगळ्यात महागात पडतं. तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच इतकं सांगितलं.

आता मूळ मुद्दा. पिठाच्या गिरणीत तुम्ही गेला असाल. तुळयांवर, वायरींवर, कोळ्याच्या जाळ्यांवर सगळीकडे पिठाचा थर असतो. इथे गिरणी म्हणजे मॅरोतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी. त्या लाइट चेन दळत राहतात, त्या वेड्यावाकड्या दुमडतात आणि धागे होऊन किडनी, हृदय, यकृत, नसा, आतडी यांत बसतात. आज आपल्याकडे असलेली सगळी औषधं गिरणी बंद करणारी आहेत. साचलेलं पीठ शरीर स्वतः झाडतं, आणि फार सावकाश झाडतं. हा थरच काढून टाकणाऱ्या अँटिबॉडी बनवण्याचे मोठे प्रयत्न झाले, पण २०२५ मध्ये अशा दोन औषधांच्या मोठ्या चाचण्या मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. त्यामुळे आजचा सगळा भर गिरणी किती लवकर आणि किती पूर्ण थांबते यावर आहे.

डारा म्हणजे डाराट्युमुमॅब. प्लाझ्मा पेशींवर सीडी-३८ नावाची खूण असते, तिला हे औषध धरतं. अँड्रोमेडा नावाच्या चाचणीत ३८८ रुग्ण होते. निम्म्यांना सायबॉर्डी, निम्म्यांना सायबॉर्डी अधिक डारा. रक्तातला आजार पूर्ण आटोक्यात आलेले रुग्ण डारा गटात ५३ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. सहा महिन्यांत किडनी सुधारलेले ५३ विरुद्ध २४ टक्के. यावरूनच जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला एएलसाठी मान्यता मिळाली. याआधी एएलसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नव्हतं, आम्ही मायलोमाची (प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरची) औषधं उसनी घेऊन वापरत होतो. म्हणून पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या डॉक्टरांचंही चुकीचं नाही, ते तुमचा खिसा जपताहेत.

आईंच्या आकड्यांवरून हृदयाला लागण झालेली दिसते, पण ती सुरुवातीची. एनटी-प्रोबीएनपी ८५०० च्या वर गेलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, त्यांचं गणित वेगळं आणि कठीण. आईंकडे वेळ आहे, पण घालवायला नाही.

पाऊलवाट

ट्रान्सप्लांटची बाजू मांडतो, कारण मी स्वतः २०१६ मध्ये करून घेतलाय आणि नऊ वर्षं कुठलंही औषध नाही. मामांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका.

आधी पाच दिवस पेशी वाढवायची इंजेक्शनं, त्याने कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. मग यंत्रावर चार-पाच तास रक्त फिरवून मूळ पेशी वेगळ्या काढतात आणि गोठवून ठेवतात. त्यानंतर मेलफलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस. तो चढत असताना मला सलग बर्फ चघळायला लावला, म्हणजे तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंड कमी सोलतं. मी नर्सबाईंना म्हटलं, यावर थोडं कालाखट्टा घालता आलं तर बघा. दुसऱ्या दिवशी त्या खरंच बाटली दाखवायला घेऊन आल्या, दिली अर्थातच नाही! मग गोठवलेल्या पेशी परत चढवल्या, बाराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. लहान बाळासारख्या सगळ्या लसी पुन्हा घेतल्या. सहा महिने अंगात त्राण नव्हतं, पण नातीच्या बारशाला उभा होतो.

डारा दोन वर्षं चालतं. ट्रान्सप्लांट एकदाच.

उंबरठा

@पाऊलवाट, नऊ वर्षं! फार आनंद झाला. ट्रान्सप्लांट आजही उत्तम उपचार आहे, पण निवडलेल्या रुग्णांसाठी. साधारण पाचातल्या एकालाच तो सुरुवातीला झेपतो. वय, वरचं बीपी ९० च्या वर आहे का, ट्रोपोनिन, एनटी-प्रोबीएनपी ५००० च्या आत, हे सगळं बघावं लागतं. २००७ मध्ये फ्रान्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ट्रान्सप्लांटच्या गटापेक्षा साध्या मेलफलान-डेक्साच्या गोळ्यांवरचे रुग्ण जास्त जगले, कारण ट्रान्सप्लांटमध्येच बरेच दगावले होते. त्यानंतर आम्ही निवड कडक केली आणि धोका खूप कमी झाला.

आज बऱ्याच ठिकाणी असं करतात: आधी डारासकट चार औषधं, दर महिन्याला लाइट चेन. आजार पूर्ण आटोक्यात आला तर ट्रान्सप्लांट हाताशी राखून ठेवायचा. चार-सहा महिन्यांत हवा तसा गुण नाही आला आणि तब्येत झेपेलशी असली तर मग तो करायचा. निम्म्या एएल रुग्णांत ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल सापडते, त्यांना वेनेटोक्लॅक्स नावाची गोळीही पुढे उपयोगी पडू शकते. त्यासाठी मॅरोची फिश तपासणी झाली आहे का, ते विचारा. म्हणजे मामांचा पर्याय कटत नाही, मागे सरकतो.

सांगलीकर

फिश तपासणी म्हटल्यावर मला आधी बोंबील आठवले. माफ करा, पण आईंना सांगा, हसतील.

रानजाई

सांगितलं. हसली! महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, 'सुरमई असली तर मी तयार आहे.'

दुपारची उन्हं

मला लिहायला चार दिवस लागले.

बाबा एसटीत होते, निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. उठून उभे राहिले की चक्कर यायची. जिना चढताना दम. अँजिओग्राफी केली, नळ्या स्वच्छ. इकोत हृदय जाड. 'जुन्या बीपीमुळे' असं सांगितलं गेलं. पण बाबांचं बीपी कधीच वाढलेलं नव्हतं, उलट ९५ च्या आसपास असायचं. हे आम्ही सांगितलं तरी कुणी थांबून ऐकलं नाही. हृदयाचे ठोके कमी करायची गोळी दिली, त्याने ते जास्तच गळून गेले. चौदा महिने आणि तीन शहरं. निदान झालं तेव्हा एनटी-प्रोबीएनपी अकरा हजार. पहिल्या इंजेक्शननंतर पाच आठवड्यांनी गेले. त्यांच्या खिशात शेवटपर्यंत एसटीचा पास होता.

मला एवढंच म्हणायचंय: हृदय जाड आणि बीपी मात्र कमी, ईसीजीच्या रेषा बुटक्या, असं कुणाच्या रिपोर्टात दिसलं तर लाइट चेनची तपासणी मागा. कुणी नाराज झालं तरी मागा. रानजाई, तुमच्या आईंचं त्यामानाने लवकर कळलंय. प्लीज, या महिन्यातच सुरू करा.

टिटवी

दुपारची उन्हं, तुम्ही लिहिलंत ते किती जणांच्या उपयोगी पडेल. ठोक्यांच्या गोळीचं आमच्याही बाबतीत झालं. अशा कडक झालेल्या हृदयात ठोके वाढवूनच काम भागत असतं, ते दाबले की माणूस कोसळतो, असं आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. तुमच्या बाबांना नमस्कार.

खडीसाखर

पैशांबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. रुग्णालयात समाजसेवा विभागात बारा वर्षं काम करतेय.

बोर्टेझोमिब आपल्याकडे भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ते हजारांत बसतं. लाखांचं प्रकरण म्हणजे डारा. शिरेतून द्यायचं असेल तर किलोमागे १६ मिलिग्रॅम लागतं आणि बाटल्या १०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या येतात. आईंचं वजन ६२ असेल तर ९९२ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० च्या दोन आणि १०० च्या दोन. सूज उतरून वजन ५६ च्या खाली आलं की एक छोटी बाटली वाचते, म्हणून दर वेळी ताजं वजन सांगा. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग सोळा आठवडे पंधरवड्याने, नंतर महिन्यातून एकदा. म्हणजे खर्चाचा डोंगर पहिल्या सहा महिन्यांत आहे, पुढे उतार. कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनेबद्दल रुग्णालयाच्या औषध दुकानात स्पष्ट विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान या योजनांमध्ये केमोचे कोणते भाग बसतात ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यासाचे अर्ज आजच भरा, बिल भरून झाल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण त्या यादीत बहुतेक जनुकीय आजार आहेत, त्यावर भिस्त ठेवू नका. विमा कंपनी 'हा कॅन्सर आहे की नाही' यावर अडून बसते. प्लाझ्मा पेशींचा आजार आहे आणि केमोथेरपी आवश्यक आहे असं डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. परळला जावं लागलं तर नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांची सोय लक्षात ठेवा.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. इथल्या रॉयल फ्री रुग्णालयात राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्र आहे, माझ्या सासूबाईंना तिथे दाखवत होतो. तिथे सॅप स्कॅन करतात: रक्तातल्याच एका प्रोटीनला किंचित किरणोत्सारी खूण लावून सोडतात, ते अमायलॉइडवर जाऊन बसतं. पहिल्या वर्षी सासूबाईंचं यकृत आणि प्लीहा पडद्यावर नुसते काळेभोर. लाइट चेन दाबून ठेवल्यावर तिसऱ्या वर्षीच्या चित्रात तेच यकृत फिकट राखाडी. उंबरठा म्हणताहेत ते 'शरीर स्वतः झाडतं' मी डोळ्यांनी बघितलंय. हृदय मात्र त्या स्कॅनमध्ये नीट दिसत नाही.

मधल्या काळात सासूबाई रोज विचारायच्या, 'एवढं सगळं करून पाय सुजलेलेच कसे?' त्या पहिल्या वर्षाची तयारी मनाने ठेवा.

वाफाळता चहा

थोडं अवांतर. सासऱ्यांच्या किडनीमुळे आमच्याकडे सहा वर्षं कमी मिठाचा स्वयंपाक आहे. दिवसाचं मीठ सकाळी एका छोट्या डबीत काढून ठेवते, तेवढ्यातच सगळं. आमटीत आमसूल, लसणाची फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून कोथिंबीर, की जिभेला फसवता येतं. पापड, लोणचं, फरसाण घरातून हद्दपार करा. लपवून ठेवू नका, सापडतं. आमच्या सासऱ्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी शिवणयंत्राच्या खणातून शोधून काढली होती.

प्रोटीन जातंय म्हणून डबल अंडी, प्रोटीन पावडर असं कुणी सांगेल. आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नका.

उंबरठा

चहा यांना अनुमोदन. आणि सुरू करण्याआधीच्या दोन-चार गोष्टी, ज्या घाईत राहून जातात.

डारा सुरू होण्यापूर्वी रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी करून घ्या आणि ते कार्ड पर्समध्येच ठेवा. डारा लाल पेशींवरही थोडं चिकटतं, त्यामुळे नंतर रक्त द्यायची वेळ आली तर रक्तपेढीत क्रॉसमॅच गोंधळतो. 'डारा चालू आहे' हे त्यांना सांगायचंच. हिपॅटायटिस बी तपासा. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिरची गोळी असते, ती क्षुल्लक समजून बंद करू नका. डेक्सा सकाळी नाश्त्यानंतर, नाहीतर रात्रभर झोप नाही, साखरही बघा. पायात मुंग्या, जळजळ सुरू झाली तर पहिल्याच आठवड्यात सांगा, बोर्टेझोमिबचा डोस कमी करता येतो. आणि शिरेतून डारा देताना बरंच पाणी जातं, म्हणून पहिला डोस सावकाश किंवा दोन दिवसांत विभागून देतात का, ते विचारा.

रानमेवा

@उंबरठा, ग्रीन टीचं खरंच माहीत नव्हतं. ज्या ओळखीच्यांबद्दल लिहिलं त्यांना आज फोन केला. त्यांना अमायलॉइड नव्हता, वेगळाच किडनीचा आजार होता. रानजाई, मनापासून सॉरी.

रानजाई

रानमेवा, सॉरी कशाला. तुमच्यामुळे ते उत्तर मिळालं. आईच्या कपाटातून ग्रीन टीचे दोन डबे निघाले, भाच्याने दिलेले.

ठरलं. मामा, बाबा, मी आणि आई असे चौघं टेबलाशी बसलो आणि मी हा अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पाऊलवाट यांच्या बर्फावर मामा हसला आणि मग म्हणाला, 'ठीक आहे, मागे सरकला तर सरकला.' दुपारची उन्हं यांची पोस्ट वाचताना बाबा उठून गॅलरीत गेले. परत आले ते बँकेचं पासबुक घेऊन. चारही औषधं, पुढच्या मंगळवारपासून.

पाऊलवाट

शाब्बास. मामांना माझा नमस्कार सांगा.

रानजाई

धागा वर काढतेय. बरोबर आठ आठवडे झाले.

पहिला दिवस सकाळी नऊला सुरू झाला तो संध्याकाळी साडेपाचपर्यंत. डोस दोन दिवसांत विभागून दिला. तासाभराने आईला थंडी वाजली, घसा खवखवला, नाक चोंदलं. सिस्टरांनी लगेच थेंब थांबवले, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा हळू चालू केलं. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. पोटावर बोर्टेझोमिबच्या जागी रुपयाएवढे लाल चट्टे उठतात, दर वेळी बाजू बदलतात. डेक्साच्या दिवशी आई पहाटे तीनला उठून डबे घासते.

लॅम्डा २४० वरून ३४. कॅपा १२. डॉक्टर म्हणाले, दोघांतला फरक ४० च्या आत आला म्हणजे 'फार चांगला प्रतिसाद', आता तो १० च्या खाली न्यायचा. फिशमध्ये ११-१४ सापडलं आहे, म्हणजे गरज पडली तर ती गोळी हाताशी आहे.

आणि सूज? आहे. लघवीतलं प्रोटीन अजून ५.६ ग्रॅम. टेम्सकाठी, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न आईने गेल्या शुक्रवारी शब्दशः विचारला. मी तिला गिरणी सांगितली. ती म्हणाली, 'आमच्या नाक्यावरची गिरणी बंद पडली तरी दोन पावसाळे भिंती पांढऱ्याच होत्या.' तिला माझ्यापेक्षा लवकर समजलं.

@टिटवी, तुमच्याकडे प्रोटीन खाली यायला किती महिने लागले होते?

टिटवी

आमची किडनी बचावली होती गं, पण हृदयाचा आकडा हलायला चौदा महिने लागले. सातव्या महिन्यापर्यंत काडीचाही फरक नव्हता आणि मी वही भिंतीवर फेकली होती. पानं सुटली, ती शिवून घेतली. चौतीस म्हणजे किती छान! वजन किती आहे आज?

रानजाई

६०.३. सुरुवातीला ६२.४ होतं. उद्यापासून डारा पंधरवड्याने, सकाळी सातला कराडहून निघतोय. आईने डब्याला दुधीचं थालीपीठ सांगितलंय, मीठ तिच्या डबीतलंच.